हा चेहरा उद्याही लागायचाय

चेटकीणताईंना भुतांनी जेवढं दिलं तेवढं माणसांनी दिलं नाही, असं त्यांची आई म्हणायची, आणि बाई काही खोटं बोलत नव्हती. ऐन तारुण्यात ताईंनी भुताचे नऊ सिनेमे केले, नऊही वेळा चेटकीण झाल्या. आले तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली, पण पुढे कॉलेजच्या पोरांनी तेच सिनेमे डोक्यावर घेतले. लोक रस्त्यात सही मागायचे आणि सही होईपर्यंत दोन पावलं लांब उभे राहायचे. शेजारणी तर आभार मानायच्या, कारण ताईंचं नाव काढलं की पोरं मुकाट दूध प्यायची. आई म्हणायची, "पुण्यच की गं हे."

पण त्या भयंकर चेहऱ्यामागचे हात होते मेकअपदादांचे. सकाळी तीन तास बसून ते रबराचे तुकडे गोंदानं ताईंच्या तोंडावर चिकटवायचे. संध्याकाळी बाकीची भुतं ते तुकडे ओरबाडून काढायची आणि घर गाठायची. दादा मात्र ताईंना उठू द्यायचे नाहीत. कोमट पाणी, तेल, कापूस घेऊन कडेकडेनं तासभर सोडवत बसायचे. ताई वैतागायच्या, तोंडाला येईल ते बोलायच्या. दादांचं उत्तर ठरलेलं, "ताई, हा चेहरा उद्याही लागायचाय."

आणि लागलाच की! सोबतच्या दोघींचे गाल कायमचे डागाळले, त्यांना पुढे कोणी दारात उभं केलं नाही. भुतांचे दिवस सरले तेव्हा ताईंचा चेहरा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता. त्या जोरावर टीव्हीवर मावशी झाल्या, सासू झाल्या, न्यायाधीशसुद्धा झाल्या, आणि हळूहळू कॅमेऱ्यामागे जाऊन निर्मात्या झाल्या. स्वतःची मालिका उभी केली तेव्हा पहिला माणूस घेतला तो दादा. उपकार फेडायला नव्हे हं. असले उपकार फिटतात कुठे!

चौथ्या वर्षी मालिकेची गोष्ट वीस वर्षं पुढे गेली. सव्वीस वर्षांची नायिका एका रात्रीत आजी झाली, तिच्या गालांवर रोज सुरकुत्या चिकटू लागल्या. दादांची नजर एव्हाना अधू झाली होती, पण सांगतील तर शपथ! आरशाभोवतीच्या दिव्यांत बरं दिसतं म्हणून ते आरशात बघूनच काम करायचे. एक दिवस समोरचा फोटो आरशाशी जुळवत त्यांनी सुरकुत्यांखाली झाकलेला नायिकेचा उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर लावला. कोणाच्या लक्षात आलं नाही. अख्खा भाग तसाच गेला आणि प्रेक्षकांनी आठवडाभर खिल्ली उडवली. वाहिनीच्या अधिकारीबाईंनी स्पष्टच कळवलं, सोमवारपर्यंत मेकअपला नवा माणूस दिसला नाही तर मालिका बंद. साठ घरांच्या चुली त्या मालिकेवर होत्या. ताईंपुढे इकडे आड तिकडे विहीर.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी शूटिंग संपल्यावर त्या मेकअपच्या खोलीत गेल्या. दादांनी ब्रश धुऊन, पुसून टॉवेलात गुंडाळून ठेवले होते.

"चूक माझी आहे, ताई. तुम्ही तोंडानं म्हणायच्या आत निघतो," ते म्हणाले.

"लावायला उद्यापासून दुसरा येईल, दादा," ताई म्हणाल्या. "तुम्ही काढायला थांबा."

"मला दयेवर बसवू नका."

ताई तडक वळल्या. बाहेर जाऊन त्या गाडीत बसायला निघालेल्या नायिकेलाच हाताला धरून घेऊन आल्या. ती पंधरा दिवस दादांना चुकवून गाडीतच सुरकुत्या ओढून काढत होती. हनुवटीखाली लाल चट्टे उठले होते आणि त्यापायी दोन दिवसांचं शूटिंग बुडालं होतं. दादांनी तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. निघायचं होतं हे ते साफ विसरले. कोमट पाणी मागवलं, बाह्या सरसावल्या, आणि डोळे मिटून बोटांनीच गोंदाची कड शोधू लागले. नजरेचं तिथं कामच नव्हतं.

नायिका मोबाईल बघत चुळबुळत होती. काका, जरा लवकर आवरा, असं तिचं दोनदा म्हणून झालं.

"घाई नको, पोरी. हा चेहरा उद्याही लागायचाय," दादा म्हणाले. "पंचवीस वर्षांनीही लागेल. खरं वाटत नसेल तर ह्यांच्याकडे बघ."

पोरीनं मोबाईल मांडीवर ठेवला आणि ताईंकडे बघितलं. ताईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडाला साधी पावडरसुद्धा नव्हती, तरी आपली पाळी येईपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या.