चिमीची जट आणि माझी भीती

प्रिय ईरा आणि कबीर,

गेल्या रविवारी फोनवर ईराने तिच्या मैत्रिणीला माझी ओळख करून दिली, "ही माझी आजी. आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय तिने. अंधश्रद्धा वगैरे काही नाही तिच्यात." मी हसून हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र स्वतःची लाज वाटली. जे कौतुक आपलं नाही ते पदरात घेऊन बसणं बरं नव्हे. म्हणून आजच लिहायला बसले. मराठी वाचायला वेळ लागला तर बाबांना सोबत घ्या. माझ्या भीतीपायी एका मुलीचा जीव धोक्यात आला होता, आणि त्यातून ती कशी वाचली, एवढंच सांगायचं आहे.

काकतीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, मुलींचं एक बालगृह आहे. घरात मारहाण झालेल्या, उपाशी ठेवलेल्या, टाकून दिलेल्या मुली तिथे राहतात. निवृत्त झाल्यापासून मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी वडगावहून दोन बस बदलून तिथे जाते. सकाळी इंग्रजीचा तास घेते, दुपारी मुलींच्या वेण्या घालते. तिथे एक नियम आहे. मुलीला विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. "वेणी घालू का?" असं विचारायचं, आणि ती नको म्हणाली तर फणी खाली ठेवायची. बालगृह सांभाळणाऱ्या सुनंदाक्का या बाबतीत फार कडक आहेत. भेटायला येणाऱ्या आयांनाही हाच नियम.

चिमी तिथे आली तेव्हा दहा वर्षांची होती. चिमी हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव लिहिण्याचा मला अधिकार नाही. वडील वारले होते. आई, शांता, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि मुलगी गावाकडे आजी-चुलत्यांजवळ असायची. तिथे तिच्या डोक्याला कुणी तेल लावलं नाही की फणी लावली नाही. केस गुंतून त्यांची जट झाली. आपल्या भागात जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं समजतात. घरच्यांनी ठरवलं, ही पोर आता देवीची. शाळा बंद केली, ताट वेगळं केलं, ओसरीवरच्या एका कोपऱ्यात बसवून ठेवलं. एकदा तिने विहिरीवर डोकं भिजवलं तर चुलत्याने पाठीवर वळ उठेपर्यंत मारलं. शेवटी शाळेच्या बाईंनी कळवलं आणि ती बालगृहात आली.

ती जट मानेपासून कमरेपर्यंत दोरखंडासारखी लोंबायची. तिच्या ओझ्याने चिमी मान वाकडी करूनच चालायची. डॉक्टर म्हणाले, खाली जखमा झाल्या आहेत, कापलेली बरी. सुनंदाक्कांनी आधी चिमीला विचारलं. ती म्हणाली, "कापा. मला कुशीवर झोपता येत न्हाय." मग तिच्या आईला बोलावलं. शांता आली आणि दारातच रडायला लागली. "आक्का, मी आडाणी हाय. पर देवीचा कोप झाला, पोरगी गेली, तर कुणाच्या तोंडाकडं बघू?" पोरीला जवळ घ्यायला ती पुढे झाली, तर चिमी भिंतीला जाऊन टेकली. आईने आपल्याला चुलत्यांकडे ठेवलं होतं, हे ती विसरली नव्हती.

तीन भेटी झाल्यावर शांता एका अटीवर तयार झाली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या बाई कापत असतील तर कापू दे. शिकलेल्या हायत, आन त्यांच्या घरात बी यल्लम्माच हाय न्हवं?"

बाळांनो, होय. यल्लम्मा आपलीही कुलदेवता. सौंदत्तीच्या डोंगरावर मी लहानपणापासून गेले आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात जंतू, संसर्ग, बालहक्क असे सगळे शब्द होते. पण त्यांच्याही खाली कुठेतरी माझी आजी बसलेली होती, आणि ती सांगत होती, जटेला कात्री लावणाऱ्याचा वंश राहत नाही. मला तुम्ही दोघं आठवलात. खरं सांगते, तुमचेच चेहरे आठवले.

पहिल्या मंगळवारी मी म्हणाले, कात्रीला धार नाही. शुक्रवारी अमावास्या होती. मी सर्दीचं निमित्त सांगून गेलेच नाही. पुढच्या मंगळवारी, चिमीच्या मनाची तयारी व्हायला हवी, असं एखाद्या तज्ज्ञासारखं सांगितलं. तयारी तिची कधीच झाली होती. "टीचर, आणखी कुणाला बोलावू का?" असं सुनंदाक्कांनी विचारलं, तर त्यालाही मी नको म्हणाले. माझी भीती कुणाला दिसू नये म्हणून.

त्याच आठवड्यात शुक्रवारी गेले तर चिमी तापाने फणफणलेली. जटेखालच्या जखमा चिघळल्या होत्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं, हे आज निघालं नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. शांताला फोन गेला. ती मिळेल त्या बसने आली. मी व्हरांड्यात बसले होते. मनात काय चाललं होतं पाहा: देवी कोपली! अजून तर कात्रीसुद्धा लावली नव्हती. जो ताप माझ्या टाळाटाळीने आला, तो मी देवीच्या नावावर टाकत होते. हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त म्हणत होते, आई, माझ्याच्याने होत नाही, आता तूच काय ते बघ.

तेवढ्यात फाटकाशी "उधो" असा देवीचा पुकारा ऐकू आला. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवट्याची टोपली, घेतलेली एक म्हातारी जोगतीण, यल्लम्माला वाहिलेली बाई, जोगवा मागत उभी होती. त्या आडवाटेला मी त्याआधी कधी जोगतीण पाहिली नव्हती. सुनंदाक्कांनी तिला पीठ वाढलं आणि चहा दिला. शांता धावत जाऊन तिच्या पायांवर पडली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

म्हातारीने जग खाली उतरवला, पाठ सरळ केली आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. डोकं तासलेलं, पांढरे खुंट फक्त.

"मला बी हुती. गुडघ्यापतूर," ती म्हणाली. "उवा पडल्या, मान धरली. एका बाईनं कापली. बारा गावं म्हणाली, आता ही मरतीया."

"मग?" शांताने विचारलं.

"मग काय? बारा गावातलं निम्मं म्हातारं गेलं, मी अजून चा पितीया." ती बशीतला चहा फुरकत हसली. "अगं येडे, आई हाय ती. आईला लेकरू पायजे, त्येचं क्यास काय करतीया?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू का गं गप? तुझं हात का कापाय लागल्यात?"

माझ्याने राहवलं नाही. शांतासमोर, सुनंदाक्कांसमोर म्हणाले, "मला भ्या वाटतंय, आज्जी." कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली.

"वाटू दे की. भ्या आईकडं ठेव, कात्री हातात घे." तिने कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला, आधी माझ्या कपाळाला लावला, मग कात्रीला. चहात साखर कमी होती म्हणून कुरकुरली, जग उचलला आणि हत्तरगीकडच्या बसची वेळ झाली म्हणत चालू पडली.

आम्ही आत गेलो. मी चिमीला विचारलं, "कापू का?" तिने डोळ्यांनीच होय म्हटलं. शांता पलंगापाशी खाली बसली, हात पुढे न करता, आणि तिनेही विचारलं, "पोरी, हात धरू?" चिमीने आईच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकच धर."

जट कापायला अर्धा तास लागला. हात शेवटपर्यंत थरथरत होते. खाली जे दिसलं ते मी लिहीत नाही. नर्सने जखमा धुतल्या, औषध लावलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

माझी भीती मात्र उतरली नाही. पौर्णिमा देवीची, तोपर्यंत तुमच्या घरून फोन आला की तुम्ही दोघं बरी आहात ना, हेच आधी विचारायची. काही झालं नाही. ती म्हातारी कोण, त्या दिवशीच त्या वाटेला कशी आली, यावर मी वाद घालत नाही. औषधाने ताप गेला हे मला ठाऊक आहे. कात्रीपर्यंत माझा हात कुणी पोहोचवला, हेही ठाऊक आहे. मी समजत होते, देवीचं म्हटलेल्या कशालाही हात न लावणं म्हणजे शरण जाणं. पण ते फक्त मागे सरणं होतं. आपल्या वाट्याचं काम थरथरत्या हातांनी करायचं आणि पुढचं देवीवर सोडायचं, एवढंच शरण जाणं मला समजलं, तेही एका पोरीला नाहक ताप सोसायला लावून. चिमीची मी क्षमा मागितली. "व्हय," एवढंच म्हणाली ती.

पुढे वर्षभर शांता एक रविवार सोडून एक रविवार येत राहिली. आधी एक हात, मग डोक्याला तेल, मग सुट्टीत चार दिवस एकत्र, असं हळूहळू जमत गेलं. गावाकडचं घर तिने कायमचं सोडलं. आता मायलेकी निपाणीत एका खोलीत राहतात. चिमी शाळेत जाते. कधी कधी आईवर रागावते आणि दिवसभर बोलत नाही. मी अजून मंगळवारी आणि शुक्रवारी बालगृहात जाते. मला अजून भीती वाटते, आणि यल्लम्मा अजून आपल्या देवघरात आहे.