वेदीवरच्या वस्त्रांचं पहिलं पाणी

मंडळी, चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेहून घरी आलोय, आणि चहा तसाच ठेवून लिहितोय.

इंदापूरकडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये महिला मंडळ आहे. वेदीवरची वस्त्रं धुण्याचं त्यांचं काम वीस वर्षं मार्थामावशींकडे होतं. पहिलं पाणी मावशी कधी मोरीत ओतत नाहीत. ख्रिस्ताचं शरीर मानतात त्या पवित्र प्रसादाच्या भाकरीचा एखादा कण कापडाला राहिला असेल, म्हणून ते चर्चमागच्या कडुलिंबाला घालतात.

आज सकाळी त्या इस्त्री केलेल्या वस्त्रांची घडी घेऊन आल्या, तर वेदीवर लॉन्ड्रीतली वस्त्रं आधीच अंथरलेली.

"आता आराम करा की मावशी," मंडळाच्या अध्यक्षीणबाई हसून म्हणाल्या. "मीटिंगमध्ये ठरलंय."

"आगं, मी बी मंडळातलीच हाय न्हवं? मला कुणी बोलावलं न्हाय ते." मग वेदीवरच्या वस्त्रांकडं बघत म्हणाल्या, "बरं, पहिलं पाणी झाडाला घालाय सांगितलंय का त्या लॉन्ड्रीवाल्याला?"

"मशीन हाय मावशी. पाणी पाइपातनं गटारात जातं."

मावशी घडी छातीशी धरून मागच्या बाकावर बसल्या. कम्युनियनला, म्हणजे प्रसाद घ्यायला, रांगेत सगळ्यांत पुढं असणारी ही बाई आज जागची उठली नाही.

चर्चचा हिशेब बघतो म्हणून महिला मंडळाच्या त्या मीटिंगला मीही होतो. मावशींचे हात थरथरतात, डाग राहतात, असं कुणी म्हणालं आणि मीही हात वर केला. त्यांना हे सांगायला कोण जाणार, असं मात्र आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

मी प्रसाद घेतला, आणि परतताना त्यांच्या बाकाकडं बघायचं टाळलं. तुम्ही काय केलं असतं?