मॅडम जोग आणि बार्लोचं दुकान

नोकरीच्या पहिल्या दिवशी जोगबाईंनी माझ्याशी हात मिळवला आणि तो सोडलाच नाही. माझ्या शर्टाची बाही मनगटाशी उलटी केली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कफाच्या शिवणीतले टाके मोजले. "इंचाला नऊ," त्या म्हणाल्या. "कुठून घेतलास? लक्ष्मी रोड?" मी हो म्हणालो. "दिवाळीपर्यंत टिकेल," असं सांगून त्यांनी बाही पुन्हा नीट केली आणि मग माझं नाव विचारलं.

मी पुण्याहून सिंगापूरला आलो तो एका अमेरिकन डिपार्टमेंट स्टोअरच्या खरेदी कचेरीत, सॉफ्टवेअरच्या कामासाठी. कंपनीचं नाव बार्लो अँड टिल्टन, पण सगळे नुसतं बार्लो म्हणत. कपडे, चादरी, भांडी, खेळणी, सगळं एका छपराखाली विकणारी तिची दुकानं अमेरिकेत गावोगावी होती. आमची कचेरी आशियातल्या कारखान्यांकडून माल घ्यायची आणि तो बोटीत चढण्याआधी तपासायची. तपासणीचं खातं निर्मला जोग यांच्याकडे होतं. कचेरीत बहुतेक चिनी माणसं, ती त्यांना 'मॅडम जोग' म्हणत. मी एकटा 'बाई' म्हणायचो.

बाई मूळच्या इचलकरंजीच्या. घरात माग, शेजारी माग. "आमच्याकडं मागाचा आवाज थांबला की पाळण्यातलं पोर जागं व्हायचं," असं त्या सांगायच्या. लग्न होऊन सिंगापूरला आल्या, कारण नवरा बोटीवर इंजिनिअर आणि त्याच्या बोटी इथूनच सुटायच्या. तो सहा-सहा महिने समुद्रावर आणि बाई यिशुनच्या फ्लॅटमध्ये एकट्या. "भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा ठरवलं की नोकरी धरायची. भिंतींनी उत्तरं द्यायच्या आत." त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. एकदा साहेबांच्या टेबलावर नमुन्याची चादर आली होती. बाईंनी ती जाता जाता चिमटीत धरली आणि म्हणाल्या, हिच्यात सूत कमी आहे, वरून नुसती खळ चढवलीय. चादर धुऊन बघितली तर तिची जाळी झाली. पुढच्या महिन्यात बाई तपासणी खात्यात होत्या.

टायपिस्ट असताना त्यांनी एक काम केलं होतं, त्यानं त्यांना जन्मभराचं वेड लावलं. नव्या नोकरांना वाटायची कंपनीच्या इतिहासाची पुस्तिका त्यांना टाइप करायला दिली होती. ती त्यांनी टाइप केली, पाठ केली आणि पुढं अमेरिकेहून जो पाहुणा येईल त्याला प्रश्न विचारून विचारून तिच्यात भर घातली. दुपारी कचेरीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, आम्ही जेवायला बसलो की बाई स्वतःचा डबा उघडत, माझ्या नूडल्सकडे दयेनं बघत आणि बार्लोची कथा पुढं सरकवत.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे बार्लो हा मुळात फेरीवाला. घोडागाडीत सुया, दोरे, बटणं आणि कापडाचे तागे घालून मक्याच्या शेतांमधून हिंडायचा. शेतावरच्या बायका फेरीवाल्यावर विश्वास ठेवत नसत. माल वाईट निघाला तर हा पुन्हा थोडाच दिसणार? म्हणून बार्लो प्रत्येकीला सांगायचा, पुढच्या महिन्यात याच वारी, याच झाडाखाली मी उभा असेन, पसंत नसेल ते परत आणा. आणि तो खरंच उभा असायचा. "गिऱ्हाईक परत आलं पाहिजे, असं सगळे दुकानदार म्हणतात," बाई सांगायच्या. "हा स्वतः परत जायचा. फरक तेवढाच."

मी नंतर ती पुस्तिका मिळवून वाचली. तिच्यात झाडाचा उल्लेख नव्हता. मी बाईंना तसं सांगितलं.

"मग काय माणूस उन्हात उभा राहील?" त्या म्हणाल्या आणि पुढं बोलायला लागल्या.

टिल्टन हा धान्याच्या व्यापाऱ्याचा कारकून. त्यानं पैसे घातले आणि दोघांनी एका छोट्या गावात कापडाचं दुकान काढलं. दुकान रुळलं तेवढ्यात बातमी आली की रेल्वे या गावाला न येता पलीकडच्या गावाला जाणार. टिल्टन म्हणाला, दुकान तिकडे हलवू. बार्लो म्हणाला, मी इथल्या बायकांना शब्द दिलाय. दोघांचं भांडण झालं आणि शेवटी दोन्ही गावांत दुकान ठेवायचं ठरलं. "झाली साखळी सुरू," बाई हात झटकून म्हणायच्या. "पुस्तकात लिहिलंय, मोठी दूरदृष्टी. कसली दूरदृष्टी? दोघांना एकमेकांचं पटेना, म्हणून दोन दुकानं."

मग रेल्वे जिथं जिथं थांबली तिथं तिथं बार्लो गेलं. ज्यानं पहिल्या दुकानाच्या गल्ल्यापाशी वर्षभर उभं राहून गिऱ्हाइकं सांभाळली, त्यालाच नव्या दुकानाचा मॅनेजर करायचे. पुढं शहरात सहा मजली इमारत झाली आणि तिच्यात सरकता जिना बसला. काही घ्यायचं नसलेल्या बायकासुद्धा मुलांना जिन्यावर चढवायला आणत. "आणि खाली उतरताना मोजे घेऊन जात," बाई म्हणायच्या. मग गाड्या आल्या, लोक शहराबाहेर राहायला गेले, मॉल आले, त्यांच्याबरोबर बार्लोही गेलं. माल आशियातून यायला लागला, तेव्हा आमची कचेरी उघडली. बार्लोच्या नातवंडांनी कंपनी विकली ती त्याच्या पुढची गोष्ट. तिथं आल्यावर बाई डबा बंद करायच्या. "आधी मालकाला प्रत्येक मॅनेजरचं नाव ठाऊक होतं. आता मॅनेजरला मालकाचं नाव ठाऊक नाही. चल, काम आहे."

एवढं सगळं सांगणाऱ्या बाईंनी बार्लोचं एकही दुकान डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. अमेरिकेला जायचा योग कधी आलाच नाही.

मी लागल्याच्या तिसऱ्या वर्षी कोटांचं प्रकरण घडलं. व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात लहान मुलांचे थंडीचे कोट शिवून झाले होते. अमेरिकेत थंडी तोंडावर आलेली, बोट ठरलेली. नमुने आमच्याकडे आले आणि बाईंनी एका कोटाचं टिचबटण ओढलं, ते हातात आलं. दुसऱ्या कोटाचं यंत्रावर लावून ओढलं. तेही ठरलेला ताण यायच्या आतच सुटलं. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या कोटाचं बटण ते, सुटलं की थेट तोंडात जाणार. बाईंनी सगळा माल नापास केला.

आमचे मॅनेजर मिस्टर गोह, माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यावर वरून रोज फोन येत होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तपासणीचे निकाल ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात ते मी सांभाळत होतो आणि कुठलाही निकाल बदलायचा अधिकार माझ्या लॉगिनला होता.

"यू जस्ट की इन पास फर्स्ट, लाह," ते म्हणाले. "बटणाचं नंतर बघू. मंडे मॉर्निंग, ओके?"

मी ओके म्हणालो. पुंगोलला घरी पोचलो, बायकोला, केतकीला सांगितलं. इथं राहायचा माझा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, या नोकरीवर होता, घराचं भाडं या नोकरीवर होतं, आमच्या लेकीची, अवनीची प्लेस्कूल नुकतीच सुरू झाली होती.

त्या रविवारी बाईंनी आम्हाला पुलाउ उबीनला बोलावलेलं होतं, हे आधीच ठरलं होतं. साठीतल्या जोगबाई महिन्यातून एकदा त्या बेटावर सायकल चालवायला जात, सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. त्यांचे यजमान जोगकाका आता निवृत्त झाले होते. ते बेटावर नेणाऱ्या छोट्या बमबोटीतून येत, पण धक्क्याजवळच्या बाकावर पेपर उघडून बसत. "आयुष्यभर हललो, आता बसू द्या," म्हणत. जुन्या कांपोंगच्या, म्हणजे खेड्यातल्या घरांवरून पुढं गेल्यावर चढ लागला, तिथं आम्ही नारळपाणी प्यायला थांबलो. मी बाईंना गोह काय म्हणाले ते सांगितलं.

त्यांनी शहाळं खाली ठेवलं. "मीही एकदा नापास माल पास केलाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तपासणीत नवी होते. शर्टांचा माल होता, काखेतली शिवण कच्ची. साहेब म्हणाले, जाऊ दे. मी जाऊ दिला. चार-पाच महिन्यांनी तिकडून एका बाईचं पत्र आलं. मुलाच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी शर्ट घेतला होता. मुलानं हात पुढं केला आणि बाही काखेत उसवली. नोकरी मिळाली का नाही, ते तिनं लिहिलं नव्हतं. मी उत्तर लिहिलं, माफी मागितली, विचारलं, नोकरी मिळाली का? तिचं पत्र पुन्हा आलं नाही." त्यांनी शहाळं पुन्हा उचललं. "अजून वाटतं, मिळाली असेल."

"मग मी काय करू?"

"ते मी सांगणार नाही. तुझा पास आहे, संसार आहे. तू पास केलंस तरी मी तुझ्यावर रागावणार नाही, खरंच नाही. पण मी उद्या अमेरिकेला मेल लिहिणार आहे. तुला नंतर कळण्यापेक्षा आधी सांगते."

अवनी केतकीच्या सायकलवर पुढच्या सीटमध्ये बसली होती आणि पावसाळी जॅकेटची चेन चघळत होती. केतकीनं ती तिच्या तोंडातून काढली, तिनं परत घातली. बाईंनी ते पाहिलं. उठून सायकलवर टांग टाकली.

परतीच्या बोटीत केतकी म्हणाली, "फार तर काय, पुण्याला परत जाऊ."

सोमवारी मी गोह यांना नाही म्हणालो. ते म्हणाले, "माय बॉस ऑल्सो प्रेस मी, यू नो." मग त्यांनी वाजणारा फोन उचलला.

बाईंनी मेल पाठवण्याआधी मला वाचायला दिली. खरेदीच्या सर्वांत मोठ्या साहेबीणबाईंना ती लिहिलेली होती, चार ओळींची. माल मी अडवला आहे, कारण सोबत जोडलं आहे. बार्लो फेरीवाला असता तर हे कोट घेऊन त्याच वाटेनं परत जायची त्याची हिंमत झाली नसती. माझं चुकलं असं वाटत असेल तर मला काढून टाका. मला काढलंत तरी ते बटण सुटायचं थांबणार नाही.

"शेवटची ओळ काढा," मी म्हणालो.

"का? व्याकरण चुकलंय?" त्यांनी विचारलं आणि मेल पाठवली.

तीन दिवस उत्तर नाही. मी त्या तीन दिवसांत पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती बघितल्या. बाई रोजच्यासारख्या जेवल्या, रोजच्यासारख्या टॉवेलच्या ढिगात बसून राहिल्या. गुरुवारी उत्तर आलं, एका ओळीचं. माल थांबवा, दुरुस्त करून पाठवा.

बाई स्वतः व्हिएतनामला गेल्या. कारखान्याचे मालक हुंग यांनी प्रत्येक कोटाचं प्रत्येक बटण काढून नवं बसवलं. बाई दुभाष्याला शेजारी घेऊन शिलाईच्या ओळीच्या शेवटी उभ्या राहिल्या आणि बरोबर न बसलेलं बटण दिसलं की कोट मागं पाठवत. कोट उशिरा पोचले, बरेचसे सवलतीत विकावे लागले. कोणी बाईंचं कौतुक केलं नाही. मी तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "विकले गेले ना? परत आले का? नाही ना? मग आणखी काय पाहिजे?"

कंपनी मात्र खालावतच गेली. दर वर्षी काही दुकानं बंद व्हायची, आणि एका वर्षी यादीत आमच्या कचेरीचं नाव आलं. मला दुसरीकडे काम मिळालं होतं. बाईंना वयामुळं तेही शक्य दिसत नव्हतं. शेवटच्या दिवशी गोह यांनी केक आणला आणि मॅडम जोगना बोलायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा फेरीवाल्यापासून सुरुवात. बाई एवढंच म्हणाल्या, "दुकान आहे, आज ना उद्या बंद होतंच. ते चालू होतं तेव्हा आपण बरं काम केलं. केक कापा."

केक वाटत असताना हुंग आले. ते खास विमानानं आले होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या कोटांमुळं त्यांना चांगलाच फटका बसला होता, त्यामुळं ते दारात दिसताच गोह यांचा चेहरा उतरला. हुंग सरळ बाईंपाशी गेले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माझ्या कारखान्यात एखादीनं टाका वाकडा घातला की दुसरी म्हणते, मॅडम जोग येईल. मॅडम, मी म्हणतो, तुम्ही खरंच या."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांच्याकडे बघितलं. मग वळून मला मराठीत म्हणाल्या, "हा मला नोकरी देतोय का धमकी?"

"नोकरी, बाई."

"काकांना विचारून सांगते, म्हणावं."

मी सांगितलं. हुंग यांनी वाकून नमस्कार केला आणि केकचा तुकडा घेतला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो, तेव्हा बाईंचा फोन आला. काकांनी काय सांगितलं, असं मी विचारलं.

"ते म्हणाले, इतकी वर्षं मी बोटीवर जायचो, आता तू जा, मी भिंतींशी बोलतो." त्या हसल्या. "अरे, एक काम कर. तिथं आजवर दुभाष्याच्या तोंडूनच बोलले. आता स्वतः बोलायचं म्हणते. व्हिएतनामीत 'हे उसव आणि पुन्हा शिव' असं कसं म्हणतात, ते शोधून सांग. आणि जरा गोड शब्दांत बघ. मुली नव्या असतात."