भावजींनी नापास केलेली लाल गाडी

आमच्या भावजींना आयुष्यात एकही गोष्ट आवडली नाही. हापूसची पहिली पेटी फोडली की घरभर वास सुटायचा, आणि हे एक फोड तोंडात टाकून म्हणायचे, "औंदा काय रस नाय." लग्नाला गेले तर आमटी पातळ, मयताला गेले तर लाकडं ओली. जन्म नारळाच्या व्यापारात गेलेला. नारळ कानाशी धरून वाजवायचा आणि खवट म्हणून बाजूला टाकायचा, हीच त्यांची जगाकडे बघण्याची रीत झाली होती. गावाने त्यांचं नाव 'खवटो' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि नाव ठेवणाऱ्यांची अक्कलही त्यांना बेताचीच वाटत असे.

माझ्या नवऱ्याचे हे धाकटे भाऊ, बिनलग्नाचे. तरुणपणी एकदा मुलगी बघायला गेले होते म्हणे. पोहे नावडले आणि परत आले. त्या मुलीचं नशीब थोर. माझा नवरा गेल्यावर धामापूरच्या घरात आम्ही दोघंच उरलो. एकमेकांना नावं ठेवायला दोन माणसं पुरतात.

साठी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले. त्या वेळच्या माझ्याबद्दल काय सांगावं. परवाना हातात आला त्या दिवशी ही बाई काळा चष्मा लावून तुळशीपाशी फोटो काढून घेत होती. दारात गाडी नव्हती, सायकलसुद्धा नव्हती, पण चष्मा होता. आमच्या मुंबईतल्या थोरल्या लेकाचं म्हणणं, गाडी घेऊ, पण चालवायला ड्रायव्हर ठेवू. मी हट्टाला पेटले. शेवटी त्याने तोडगा काढला. छोटीशी, परदेशी बनावटीची, भारीतली एक गाडी त्याने शोधली. गिअर आपोआप पडतात, कुणी जवळ आलं की चहूकडून शिट्ट्या वाजतात. एक दिवस विक्रेता ती घेऊन येईल, आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवून बघ. जमली तर तुझी. अशी हुशार गाडीही जमली नाही, तर ड्रायव्हर ठेवायचा आणि विषय संपला. म्हणजे परीक्षा गाडीची नव्हती, माझी होती.

गाडी आली. लालचुटूक, गुबगुबीत, आत साईच्या रंगाच्या चामड्याच्या सीटा आणि वर छपराला काच. त्या काचेतून मी आभाळ बघितलं आणि माझी उरलीसुरली अक्कल त्याच वाटेने वर निघून गेली. आता हसू येतं. आभाळ काय, अंगणात मान वर केली की फुकट दिसतं.

भावजी लेंग्याची नाडी आवळत बाहेर आले. त्यांनी बॉनेटवर बोटाचं पेर वाजवलं, कान दिला आणि नाक मुरडलं. मग माडाच्या शेंड्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं. म्हणाले, "बरा आसा. नारळ पडलो की थेट मांडयेर गावतलो." टाय लावलेला विक्रेता हसला. त्याला तो विनोद वाटला. आमच्या अंगणात माड नाही अशी जागा ओंजळीएवढीही नाही, हे त्या बिचाऱ्याला आणि मला, दोघांनाही दिसत नव्हतं. भावजींनी स्टेपनी कुठे आहे विचारलं. नाही म्हणाला, पंक्चर झालं तरी ही टायरं तशीच पळतात. "म्हणजे पाय मोडलो तरी चाल," भावजी म्हणाले, आणि गुडघे पोटाशी घेऊन पुढच्या सीटवर शिरले. हिच्यात बसतात की हिला अंगात घालतात, असंही त्यांनी विचारून घेतलं.

विक्रेत्याला मागे बसवून मी चालवत मालवणला नेली. झकास नेली. भावजी वाटभर प्रत्येक गतिरोधकाला "लागली" म्हणत होते, लागत नव्हती तरी. बाजारात मी सवयीने बांगडे घेतले आणि पिशवी मागच्या सीटवर ठेवायला गेले, तर विक्रेत्याचा चेहरा पडला. त्याने आधी वर्तमानपत्र अंथरलं, मग स्वतःचा रेनकोट. शेवटी पिशवी भावजींच्या मांडीवर आली. मासे न्यायला लाजणारी गाडी मालवणात कशाला आली, असं ते बांगड्यांनाच विचारत होते.

परतताना घराकडच्या पाणंदीत जांभ्याचा एक दगड वर आलेला आहे. रिक्षा त्यावरून जाते, टेम्पो जातो. आमच्या लाल राणीचं पोट त्यावर असं खरवडलं की माझ्या दातांना कळ गेली. विक्रेता टायसकट खाली वाकला. उठला आणि सरळ थोरल्याला फोन लावून म्हणाला, सर, मॅडमना जमणार नाही. फोन मोठ्या आवाजावर होता. "आई, आपलं ठरलं होतं ना," थोरला म्हणाला. त्याचा सूर अगदी मऊ होता, आणि मऊ सूर आला की निकाल लागलेला असतो. आणि ती साठीपलीकडची वीरांगना, कपाळावर काळा चष्मा, खालचा ओठ बाहेर काढून बालवाडीतल्या पोरीसारखी उभी.

भावजी मुश्किलीने बाहेर आले. पाणंदीच्या तोंडाशी जुन्या आंब्याखाली आमच्या वाडीचा राखणदार आहे, शेंदूर लावलेला एक पाषाण. त्याच्या दारात गाडी घासली, गाऱ्हाणं घालायला हवं, म्हणाले. फोन तसाच ठेवायला सांगितला. घरातल्या कर्त्यानेही ऐकायला हवं. शेजारच्या दोघी आल्या. गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला रुकार द्यायचा, ही आमच्याकडची रीत. इथे वाढलेलं माणूस तो रुकार झोपेतसुद्धा देतं.

"बा देवा म्हाराजा," भावजींनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा."

"आज ही लाल गाडी तुझ्या दारात इली. दिसाक बरी, पण पोट भुयेक घासता."

"व्हय म्हाराजा." विक्रेतासुद्धा म्हणाला.

"बांगडे दिसले की हिका रडू येता."

"व्हय म्हाराजा."

"वयनीच्या हाताक दोष नाय. गाडी खंयचीव येवंदे, चालवूक माझी वयनीच बसांदे. जो कोण आड येयत, तेका तूच बघून घे."

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या. आणि फोनमधून, मुंबईहून, थोरल्याचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

थोरला चाचरत म्हणाला, "काका, मी सवयीने बोललो."

"देव पण सवयीनच ऐकता," भावजी म्हणाले, आणि बांगड्यांची पिशवी घेऊन घरी चालू लागले.

लाल गाडी गेली. नंतर घेतली ती उंच, पांढरी, दिसायला पत्र्याचं कपाट. तिलाही भावजींनी नावं ठेवलीच. पण माझ्या शेजारी बसून रोज ठेवली, बाजाराला जाताना, बँकेत, कुडाळच्या डॉक्टरांकडे. मी वळले की उशिरा वळलीस, थांबले की उगीच थांबलीस. कितीदा वाटलं, ह्यांना ओरोसच्या फाट्यावर उतरवून निघून जावं.

शेवटच्या आजारात एका सकाळी त्यांना कुडाळला नेत होते. ते काचेला डोकं टेकून गप्प बसले होते. पुढच्या टेम्पोला नाव ठेवलं नाही, रस्त्याला नाही, मलाही नाही. मी समोरचा एक चांगला ऐसपैस खड्डा बघितला आणि मुद्दाम चाक त्यात घातलं.

डोळे न उघडता ते म्हणाले, "आंधळी."

एवढा जीव भांड्यात कधी पडला नव्हता. पुढचा सगळा रस्ता मी गाणं गुणगुणत गेले. त्याच आठवड्यात ते गेले.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. बाजारात एकटीच जाते. गावातली माणसं थांबून सांगतात, आजी, तुम्ही गाडी फार छान चालवता. लोकांना काय कळतंय.