तांबड्या पाण्यातल्या तिसऱ्या

"पॅरालिटिक शेलफिश पॉयझनिंग," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा बघून सोपं करून सांगू लागले. तिसऱ्यांतून, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांतून, विष पोटात गेलंय. आधी ओठ आणि बोटं बधिर होतात, मग हातपाय. छातीचे स्नायू लुळे पडले तर श्वास थांबतो. याला उतारा नाही, विष ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवायचा. समोर खाटेवर माझी बायको सुलभा होती, पाचवा महिना चालू असलेली. नर्सबाई रबरी पिशवी दाबून तिला हवा देत होत्या.

तिसऱ्या मीच आणल्या होत्या.

आम्ही रत्नागिरीकडचे. मी पिंपरीत एका कंपनीत फिटर, रहाटणीत भाड्याची खोली. सुलभाला तिसऱ्यांचे डोहाळे लागले. डोहाळे अपुरे ठेवू नयेत म्हणतात, म्हणून सुट्टी काढून गावी गेलो. पाऊस ओसरून ऊन तापलं होतं आणि खाडीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं. आई म्हणाली, "बाबू, पाणी तांबडं असताना कोण हात लावत नाय. नको नेऊस."

मला वाटलं, म्हातारीचं आपलं काहीतरी. आम्ही पडलो कंपनीवाले, दीडशहाणे! उकळल्यावर काय शिल्लक राहतंय, असं म्हणत ओहोटीला उतरलो आणि तिसऱ्या ओल्या गोणपाटात बांधून एसटीनं घेऊन आलो. सुलभा हरखली. आईचं बोलणं मी तिला सांगितलंच नाही. ती रांधत असतानाच मी सेकंड शिफ्टला गेलो.

शेजारच्या काकूंनी गेटवर निरोप धाडला. घरी आलो तर सुलभाच्या ओठांना मुंग्या, जीभ जड, चालताना झोकांड्या. जवळच्या दवाखान्यात म्हणाले, गरोदरपणातला अशक्तपणा आहे. मी मुकाट ऐकून घेतलं. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात "काय खाल्लं होतं?" विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. तेवढा वेळ मी फुकट घालवला. तुमच्यावर अशी वेळ आली तर विचारायची वाट बघू नका, खाल्लेलं आधी सांगा.

डॉक्टरांनी बाकावर शेजारी बसून समजावलं. पावसात नद्या गाळ आणि शेतातलं खत समुद्राला नेतात. मग वारा पडतो, वरचं गोडं पाणी खालच्या खाऱ्यात न मिसळता थर धरून तापत राहतं. असं खाद्य, ऊन आणि संथ पाणी मिळालं की डोळ्यांना न दिसणारं शेवाळ माजतं. कधी पाणी तांबडं होतं, कधी होतही नाही. प्रत्येक शेवाळ विषारी नसतं, पण रंगावरून ते ओळखता येत नाही. तिसऱ्या तेच पाणी गाळून जगतात आणि विष अंगात साठवतात.

"उकळून हे विष जात नाही," ते म्हणाले.

कंपनीचा नाला मिळतो तिथून खाली पवना नदीचं पाणी हिरवं झालेलं मी रोज पुलावरून बघायचो. मेलं, डोळे होते, अक्कल नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा श्वास आपसूक चालू लागला. बाळाचे ठोके ठीक होते. जीभ वळल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "अहो, तुमच्या वाटच्या झाकून ठेवल्यात. त्या खाऊ नका हं."

मला राहवेना. आईनं अडवलं होतं, ते सगळं सांगून टाकलं. तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

घरी सोडलं तेव्हा मी डॉक्टरांच्या आणि नर्सबाईंच्या पाया पडलो. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. रिक्षात सुलभा बाहेर बघत होती. दापोडीचा पूल ओलांडल्यावर म्हणाली,

"मला सांगायचं होतंत. मी खाल्ल्याच नसत्या."