टाकी कुठं बसवायची

मी नगरपालिकेत निवडून गेलो तेव्हा माझं शिक्षण चौथी पास होतं, आणि चौथीही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून झाली. सही मात्र मी झोकात करतो. आमच्या गावात नगरसेवक हा शब्द फक्त कागदावर चालतो. बोलताना सगळे मेंबर म्हणतात. मला निवडून दिलं त्या वस्तीत अर्धी घरं खेड्यावरून आलेल्या आमच्यासारख्या शेतकऱ्यांची, अर्धी मुसलमानांची. त्यांच्यात कोणी मिस्त्री, कोणी फळवाले, कोणी पंक्चर काढणारे. मी सगळ्यांच्या दारात गेलो आणि एकच सांगितलं, तिकडं जे शिजेल ते इथं येऊन सांगीन, आणि तुम्ही म्हणाल तेच तिकडं बोलीन.

हे मी कुठून शिकलो तेही सांगतो. वडिलांच्या नावचा साखर कारखान्याचा शेअर माझ्या नावावर झाला होता. सहकारी कारखाना म्हणजे सभासद मालक, असं पाटीवरच लिहिलेलं होतं. मालक म्हणून मी वर्षाच्या सभेला गेलो. मांडव मोठा, माणसं पुष्कळ, मागच्या बाजूला आचारी वांग्याची भाजी ढवळतोय. पुढं एक साहेब माईकवर वाचत होते, विषय क्रमांक चार, आणि ते पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगा म्हणायच्या, मंजूर. पाच, मंजूर. सहा, मंजूर. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सहावा परत वाचा. मला कळला न्हाई." मागच्यानं माझं धोतर ओढलं. "बस बे खाली, जेवण थंड हुतंय." मी बसलो नाही. साहेबांनी परत वाचला, पण पहिल्यापेक्षाही जोरात पळवला. त्या दिवशी ठरवलं, माझ्या हातात कधी काही आलं तर न कळता कोणाला मंजूर म्हणायला लावायचं नाही.

म्हणून मेंबर झाल्यावर असं सुरू केलं. सभेच्या आधी पालिकेचा शिपाई विषयांचा कागद घरी आणून द्यायचा. तो कागद घेऊन मी रविवारी मिस्त्रीच्या गॅरेजसमोर बसायचो. मिस्त्री म्हणजे माझ्याच वयाचा, ट्रॅक्टरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही दुरुस्त करणारा माणूस. आमच्या गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या शाळेच्या बाई एक एक विषय सावकाश, दोनदा वाचायच्या. मग मी विचारायचो, "काय म्हणू?" लोक सांगतील ते डोक्यात ठेवायचं आणि सभेत बोलायचं. पालिकेतले बाकीचे मेंबर हसायचे. एकानं विचारलं, "कावून हो, डोकं घरी ठिवून येता का?" मी म्हणालो, "घरी ठिवतो आन् वस्तीचं घिऊन येतो. ते मोठं हाय."

पहिल्या रविवारी चार जण आले. त्यातले दोघे सायकल दुरुस्तीला आले होते. त्यांनाही मी बसवून घेतलं. विषय होता नालीवरच्या फरशीचा. सायकलवाल्यांनीच सगळ्यात जास्त मत दिलं, कारण त्यांच्या सायकली तिथंच मोडल्या होत्या.

पुढं दुष्काळ पडला आणि गॅरेजसमोर बसायला जागा पुरेना. तिकडं माजलगावच्या धरणात गाळ उघडा पडला, आणि इकडं आमचे नळ नुसते वारा सोडू लागले. टँकर सुरू झाले. टँकर आला की वरून नळ्या सोडायच्या, घागरीवर घागर आपटायची, आणि अर्धं पाणी मातीत. मग पालिकेनं ठरवलं, प्रत्येक वस्तीत चौथऱ्यावर एक मोठी काळी टाकी बसवायची, खाली तोट्या, आणि टँकरनं टाकी भरून निघून जायचं. सभेत अध्यक्ष म्हणाले, जागा सांगा. बाकीच्यांनी सांगितल्या. माझा नंबर आला. कागदावर हा विषय आधी नव्हता, विचारायला वेळ नव्हता, आणि माझ्या डोळ्यापुढं माझ्या घरासमोरचं कडुलिंबाचं झाड आलं. सावली आहे, मोकळी जागा आहे. मी म्हणालो, "आमच्या लिंबाखाली."

खरं सांगायचं तर दारात टाकी म्हणजे मेंबरचा मान, हेही मनात होतं. ते मी त्या वेळी कोणाला बोललो नाही.

पुढच्या सभेचा कागद आला. रविवारी बाईंनी वाचलं, आमच्या प्रभागातली टाकी लिंबाखाली बसवण्यास मंजुरी देणे. वाचून त्या थांबल्या. समोर टरबुजं आणि सीताफळं विकणारी म्हातारी बसली होती, सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. खालाचं वय कोणालाच माहीत नव्हतं, पण तिच्यापुढं सगळे लहान. ती म्हणाली, "ये कब ठैरा मेंबर? हमकू पूछे बगैर?"

मी म्हणालो, "घाई हुती खाला. जागा चांगली हाय."

मिस्त्री हातातला पाना पुसत म्हणाला, "जागा चांगली हाय. पर तिथं टँकर वळणार न्हाई. पुढं नाली, बाजूला भिंत. एकदा घातला तर गल्लीभर उलटा काढावा लागंल."

"छोटा टँकर आणू."

"छोटा टँकर पालिकेकडं हाय कुठं? तुमी बांधणार का?"

लोक हसले. मला राग आला. खाला म्हणाली, वर चढावर जुना कोंडवाडा आहे, सुटलेली गुरं कोंडायची ती जागा, तिच्यासमोर मैदान आहे, टँकर ऐटीत फिरेल. मी म्हणालो, चढ आहे, बायकांना जड जाईल. खाला म्हणाली, "जाताना रिकामी घागर लेके चढना, आते टाइम भरी हुई उतारपे. तुम कबी पानी भरे क्या?" पुन्हा हसले. मी कधी भरलं नव्हतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

मी हट्टी आहे. म्हणालो, ठीक आहे, हात वर करा. कोणाला लिंब, कोणाला कोंडवाडा. पुरुषांनी हात केले, कोणी इकडं, कोणी तिकडं. बायका डोक्यावरचा पदर धरून तशाच बसल्या. मी म्हणालो, "बोला की, पाणी तुमीच भरता." तेव्हा खालानं मला समजावलं, "ससरा सामने बैठा हय, बाजू में जेठ. बहू हात कैसा उठाएगी?" आणि तिनंच तोड काढली. प्रत्येक घरानं एक रिकामी घागर ठेवायची. लिंब हवा असेल तर लिंबाकडून सडकेकडं रांग. कोंडवाडा हवा असेल तर गॅरेजकडून वर गल्लीत रांग. घागर कोणी ठेवली हे विचारायचं नाही. उद्या दिवसभर ठेवू द्या, म्हणजे कामाला गेलेली घरंही ठेवतील. दिवस मावळायला मोजा.

मला ते पसंत पडलं. मंगळवारी पालिकेची सभा होती, तिथं छाती काढून सांगता येईल, आमच्याकडं बायकांनीही मत दिलंय.

दुसऱ्या दिवशी मी युसूफ वडगावला पुतणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. जाताना आमच्या मंडळीला सांगून गेलो, "घागर ठिव." ती म्हणाली, "ठिवते." मंडळी म्हणजे माझी बायको, चकलांब्याची. तिच्या माहेरची माणसं कमी बोलतात.

दिवस मावळायला आला तेव्हा एसटीतून उतरलो आणि सडकेवरूनच दिसलं, लिंबाकडून निघालेली घागरींची रांग नालीच्या कडेनं पार सडकेला लागून वळली होती. पितळेच्या, स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या घागरी, मध्येच दोन डबे, एक कळशी, एक तर रंगाचा ड्रम. माझी मान आपोआप ताठ झाली. गॅरेजशी जाऊन वरची रांग पाहिली. ती कोंडवाड्याच्या वळणापर्यंतसुद्धा गेली नव्हती. मी मिस्त्रीला म्हणालो, "बघितलं का? वस्तीला कळतं."

मिस्त्री म्हणाला, "दिसतंय खरं." आणि परत इंजिनात डोकं घातलं.

मी मोजायला लागणार, तोच लिंबाखाली बसलेल्या एका माणसानं विचारलं, "मेंबर, टँकर कवा येणार?"

"कुठला टँकर?"

"सकाळधरनं बसलोय. ही रांग हाय म्हणून आमीबी घागर लावली. आमच्या गल्लीतनं आठ-दहा जण आलेत."

मी त्याच्याकडं नीट पाहिलं. तो आमच्या वस्तीतला नव्हताच. सडकेपलीकडच्या वस्तीतला होता. त्याच्या शेजारचाही पलीकडचा. एक बाई तर बाजारहून घरी निघाली होती, रांग पाहिली आणि हातातल्या पिशवीतली नवी कोरी घागर काढून लावून बसली. त्या साली आमच्याकडं घागरींची रांग दिसली की माणूस काही न विचारता मागं आपली घागर ठेवायचा. पाणी येणार नसेल तर एवढ्या घागरी कशाला लागतील? हे आमच्यापैकी एकालाही आदल्या दिवशी सुचलं नव्हतं.

आता गंमत अशी, की माझ्या दोन-तीन माणसांना ही गोष्ट लगेच कळली आणि ते माझ्या कानाशी लागले. "मेंबर, राहू द्या. कोण बघतंय? घागर ती घागर." मीही म्हणालो, ठेवली ती मोजायची. मी तसं म्हणालो, हे लपवत नाही. मिस्त्रीनं इंजिनातून डोकं बाहेर काढलं आणि एवढंच विचारलं, "मग उद्या त्या पलीकडच्या लोकांनी आपल्या टाकीवर हक्क सांगितला, तर?"

मी काही बोलायच्या आत आमची मंडळी घरातून बाहेर आली. कमरेला पदर खोचला आणि लिंबाच्या टोकाशी पहिल्या घागरीपासून चालू लागली. "ही आपल्या वस्तीतली. ही न्हाई. ही न्हाई. ही सोनाराच्या मागच्या घरातली, हिचा काठ दाबलाय. ही न्हाई." बाकीच्या बायकाही आल्या. मला तेव्हा कळलं, या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, पण घागरी ओळखतात. कुठल्या घागरीला पोचा, कोणाच्या बुडाला डांबर लावलंय, कशावर नवऱ्याचं नाव कोरलंय, सगळं तोंडपाठ. परक्या घागरी नालीच्या पलीकडं सरकत गेल्या आणि माझी रांग आखूड होत होत लिंबाच्या पाराजवळ येऊन थांबली.

खालानं वरची रांग मोजली. तिथं सगळ्या आपल्याच. वरची रांग मोठी निघाली.

मी माझ्या रांगेत आमची घागर शोधत होतो. पितळेची, तिच्या माहेरहून आलेली, गळ्याशी वेल कोरलेली. दिसेना. मंडळीला विचारलं, "आगं, आपली कुठंय?"

ती म्हणाली, "वर हाय. तिसरी."

मिस्त्री, खाला, बाई, सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "दारात पाणी येत हुतं, आन् तू वर घागर ठिवली?"

"आवो, दारात टाकी म्हंजे दारात भांडणं. तुमी दिवसभर पालिकेत. कोण आधी, कोण मागं, ते कोणी मिटवायचं? मी? त्यापरीस वर जाऊन आणते."

एवढं बोलून ती आपली घागर आणायला वर गेली. पलीकडच्या वस्तीतले लोक मात्र चिडले होते, दिवसभर उगाच बसवलं म्हणून. खालानं त्यांना टरबुजं कापून दिली आणि तो विषय मिटवला.

मंगळवारी सभेत आमचा विषय आला. बाकीचे कोणी मंजूर म्हणायच्या आत मी उभा राहिलो. म्हणालो, "लिंब काढा. कोंडवाड्यासमोर लिहा."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "मेंबर, मागच्या बारीला तुमीच लिंबाची जागा मागितली. हे बघा, लिहिलंय."

"मागितली. मी मागितली हुती, वस्तीनं न्हाई मागितली. माझी चूक झाली, लिहून घ्या."

एकजण मागून म्हणाला, "घरून हुकूम आला वाटतं."

"घरूनच आला," मी म्हणालो. "आन् बाकीच्या घरांतूनबी."

सगळी सभा हसली. मीही हसलो, पण उभाच राहिलो, कारण विषय लिहून होईपर्यंत बसायचं नाही हे मी त्या कारखान्याच्या मांडवात शिकलो होतो. पलीकडच्या वस्तीचे मेंबर तक्रार करायला लागले, की माझ्यामुळं त्यांची माणसं दिवसभर उन्हात बसली. मी म्हणालो, "तुमी त्यांना कधी काही सांगितलं असतं, तर बसली नसती." त्यांनी पुढं तो मुद्दा वाढवला नाही. पालिकेच्या साहेबांनी कोंडवाडा लिहिला, मी तो मोठ्यानं वाचून घेतला, आणि मग बसलो.

चौथरा पंधरवड्यात झाला. टाकी चढवायला वस्तीतली माणसं लागली, दोर मिस्त्रीचा. पहिला टँकर आला तेव्हा सगळी गल्ली वर चढून आली होती. मीही गेलो, पांढरी टोपी घालून. टँकर सरळ मैदानात शिरला, एकदाच गोल वळला, टाकीला लागला, टाकी भरली आणि धूळ उडवत निघूनही गेला. एक थेंब मातीत पडला नाही. बायका शांतपणे तोट्यांना लागल्या. आमची मंडळी भरली घागर डोक्यावर घेऊन उतारानं माझ्या समोरून गेली.

मिस्त्री माझ्याशेजारी उभा होता. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. शेवटी मीच म्हणालो, "ड्रायव्हर हुशार दिसतोय."

"हौ मेंबर," मिस्त्री म्हणाला, "लई हुशार."