वस्तीत न झालेलं बोरिंग

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. गावच्या समितीचा विषय निघाला की मी नाली साफ केल्याचं सांगायचो, सौंसरची प्रवासी मोटर फाट्यावर थांबू लागली ते सांगायचो, आणि गोष्ट बोरिंगपर्यंत आली की पान लावायला घ्यायचो. ऐकणाऱ्यांना वाटे, म्हातारा थकला. थकलो होतोच, पण त्या कारणाने नाही.

आमचं गाव सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधलं. गावाच्या मधोमध नाला. अलीकडे आमची शेतकऱ्यांची घरं, कापसाची वावरं आणि संत्र्याचे बगिचे. पलीकडे बौद्ध वस्ती. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. समितीची कल्पना माझी नव्हती, हे आधी सांगतो, कारण पुढे तिचं श्रेय मलाच मिळत गेलं. कल्पना माझ्या वर्गमित्राची. तो वस्तीतला. सौंसरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो. पुढे मी बगिचा पाहू लागलो आणि तो पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. कपड्यांना चिकटलेला कापूस झटकत तो एका संध्याकाळी माझ्या अंगणात आला आणि म्हणाला, "प्रत्येक जण आपापली तक्रार घेऊन तहसीलले जाते, अन् एकटाच वापस येते. सारे मिळून गेलो तं साहेब खुर्ची तरी देईन."

समिती झाली. माझे काका अध्यक्ष, मी सचिव. काकांशिवाय गावात काही उभं राहत नसे. बैठक मारुतीच्या पारावर भरे. वस्तीतली माणसं पाराखाली बसत. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं आणि वर बसा असंही कोणी म्हटलं नव्हतं. शाळेत मला अरे-तुरे करणारा माझा मित्र तिथे मला 'भाऊ, तुमी' म्हणे.

सुरुवात चांगली झाली. उकिरड्याच्या जागेवरून दोघे हातघाईवर आले तेव्हा काका म्हणाले, "भांडाचं असन तं पांढुर्ण्याच्या गोटमारीले जाय बाप्पा, तिथं दगडं मारत बस. इथं समिती हाय." सगळे हसले आणि उकिरडे हलले. नाली आम्ही दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून उपसली. मग पाण्याचं निघालं. सरकारकडून गावाला एक बोरिंग मंजूर झालं होतं, म्हणजे हाताने हापसायचा पंप. आमच्याकडे निदान विहिरी होत्या, उन्हाळ्यात तळाला जात, पण होत्या. वस्तीतल्या बाया नाल्याच्या रेतीत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत. त्या पाण्याने मागच्या पावसाळ्यात हगवण पसरली होती आणि माझ्या मित्राची बायको मरता मरता वाचली होती. बोरिंग वस्तीत व्हावं, एवढंच त्याचं मागणं होतं. बैठकीत कोणी नाही म्हटलं नाही. काकांनी फक्त एवढं म्हटलं, "पाणी असन तिथं होईन."

म्हणून सावरगावहून पाणी पाहणारा माणूस आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालत असे. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं आम्ही सगळेच मानत होतो. आमच्या बाजूला नारळ थोडा हलला, इतकंच. नाला ओलांडून वस्तीत गेलो आणि निंबाखाली तो सरळ उभा राहिला. सगळ्यांनी पाहिलं.

आमच्याकडची रीत अशी की नारळ उभा राहिला तिथेच तो फोडायचा, ज्याची जागा त्याने फोडायचा, आणि खोबरं सगळ्यांनी खायचं. पाणी पाहणाऱ्याने नारळ माझ्या मित्रापुढे धरला.

तो म्हणाला, "आमी नारळ फोडत नाही, दादा. धम्म घेतला तवापासून सोडलं. खुटी ठोकून ठेवतो, जागा काही पळून जात नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, "चला, पोटात कावळे ओरडून राहिले." हशा झाला आणि माणसं नाल्याकडे वळली. मित्राने बाभळीची खुंटी ठोकली. मी तिथे उभा होतो. "बोरिंगचे साहेब आले की हेच जागा दाखवतो," मी म्हणालो. तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो.

परत पारावर आल्यावर काका म्हणाले, "तिथं झालं तं आपल्या बाया तिकडं जातीन काय पाण्याले?"

सगळ्यांच्या मनात तेच होतं आणि कोणालाही ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या कोणी नारळ तिथेच फोडला असता तर वस्तीत खोबरं खावं लागलं असतं, म्हणून माणसं भुकेचं निमित्त करून निघाली, हेही सगळ्यांना कळलं होतं. यातून आडून सुटायची वाट हवी होती, आणि ती मी काढली. मी म्हणालो, "नारळ फुटला नाही तं जागा पक्की कुठं झाली? आपली रीत हाय तशी."

माझं घर मारुतीच्या मागेच होतं. माझी बायको पाण्याचे दोन गुंड, म्हणजे घागरी, डोक्यावर घेऊन विहिरीवरून यायची. हे तेव्हा माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

"हे बरोबर बोलला," काका म्हणाले. पाणी पाहणाऱ्याला पुन्हा उठवलं. मारुतीच्या बाजूला तो दोन चकरा फिरला. नारळ उभा राहिला की नाही, कोणी नीट पाहिलं नाही. काकांनी तो फोडला. खोबरं वाटलं गेलं आणि मीही खाल्लं.

बोरची गाडी आली तेव्हा माझा मित्र जिनिंगमध्ये होता. साहेबांनी विचारलं, जागा कुठली? त्यांना आमच्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. मी जिथे बोट दाखवलं असतं तिथे त्यांनी खणलं असतं. मी मारुतीकडे बोट दाखवलं. पाणी लागलं. नारळ खोटा होता की खरा, हा प्रश्नही मग उरला नाही.

संध्याकाळी मित्र मोटरीतून उतरून सरळ माझ्याकडे आला. पाराखाली चिखल झाला होता, तो त्याने येताना पाहिलाच होता.

"असं कसं झालं?"

"साहेबांनंच बदललं," मी म्हणालो. "गाडी नाला ओलांडत नाही म्हणे."

"तू बोलला ना?"

"बोललो. लय बोललो."

"मंग काय करणार," तो म्हणाला. "तू बोलला, हेच खूप झालं." त्या दिवशी तो मला तू म्हणाला.

वस्तीतल्या बायांना बोरिंगवर यायला मनाई नव्हती. त्यांनी फक्त आमच्या बायांचं भरून होईपर्यंत थांबायचं. त्याची बायको गुंड घेऊन कडेला उभी असे. "थांब वं, आमचं होऊ दे," असं तिला म्हणणाऱ्यांत माझी बायकोही होती. एके सकाळी सुट्टीवर असताना त्याने ते पाहिलं. त्याचं बैठकीला येणं बंद झालं आणि वर्ष सरायच्या आत तो बिऱ्हाड घेऊन नागपूरकडे गेला. त्याच्यानंतर समितीही फार टिकली नाही. तहसीलला सगळ्यांना सोबत नेणारा तोच होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो सौंसरच्या बस स्टँडवर भेटला. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आलेल्या माणसांची गर्दी होती. केस पूर्ण पांढरे झालेले, सोबत लेक. मला पाहताच तो हसला आणि तिला म्हणाला, "हे ते भाऊ. आपल्या वस्तीसाठी साहेबासंग भांडले होते."

तिने हात जोडले. मी चहा सांगितला. तो तब्येतीचं विचारत होता, बगिच्याचं विचारत होता, आणि मी उत्तरं देत होतो. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, हे त्याने मध्येच, चहा ढवळता ढवळता सांगितलं. नागपूरची गाडी लागली. खिडकीत बसल्यावर त्याने हात वर केला. मी खिडकीपाशी गेलो, गजाला हात लावला, आणि जे म्हणायचं होतं ते तोंडाशी येऊन थांबलं. त्यानंतर तो मला दिसला नाही. तोही गेल्याचं मला कोणाकडून तरी कळलं. म्हणायचं होतं ते इतकंच होतं: साहेबांनं काही बदललं नव्हतं रे. जागा म्याच दाखवली. मले माफ कर.